साडेचारशे वॅट

लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर
मी सगळ्यात आधी ग्राफिक्स कार्ड लिहिलं,
आणि खाली बाकीच्यांना पैसेच उरले नाहीत.
मग ते खोडलं. पुन्हा लिहिलं. खोडलं.
सव्वीस हजार चारशे:
आंबिया बहराचे दीड महिने,
वरूडच्या शेडमध्ये फळं निवडत उभे काढलेले.

शहबाज म्हणे, "कार्ड राहू दे सध्या.
प्रोसेसरच असा घे, ज्याच्या पोटात
चित्र काढाची सोय हाय.
अन् रॅमची सोळाची एक पट्टी नोको,
आठ-आठच्या दोन.
दोन बैल असले का जू सरकं राह्यते."
त्याच्या घरात सात पिढ्या बैल नाही,
सायकलींचं दुकान आहे,
पण मुद्दा पटला.

बाबांनी एकच विचारलं,
"तुह्यावाल्या त्या मशीनवर बातम्या लागते का?"
लागतात.
"मंग आन."

सीताबर्डीत, जिन्याखालच्या दुकानात,
मोटवानीनं काउंटरवर दोन पॉवर सप्लाय ठेवले.
दोन्ही काळे, दोन्हींवर साडेचारशे वॅट.
एकाचा पंखा लाल,
आणि तोच आठशेनं स्वस्त.
"सेम चीज है, बेटा."

मी एक डाव्या हातात घेतला, एक उजव्या.

दीड महिना दुसरं काय केलं होतं?
पट्ट्यावरून फळ येतं,
डोळ्याआधी तळहाताला कळतं.
साल चकचकीत, रंग नारिंगी, देठ हिरवा,
आणि हाताला काही लागतच नाही,
ते आतून कोरडं असतं.
तसं फळ सरिताबाई न बघताच मागे फेकते.

लाल पंखेवाला हलका होता.

"ये नहीं."
"क्यूँ?"
सांगता आलं असतं.
पण तेवढ्या चकचकीत खोक्यांमध्ये
संत्र्याचं नाव घ्यायची लाज वाटली.
आठशे जास्त मोजले, आणि यादीतलं
काचेचं, दिव्यांचं कॅबिनेट
तिथेच राहिलं.

काटोलपर्यंत एसटीत उभी,
मदरबोर्ड छातीशी.
कंडक्टर म्हणाला, "मिठाई व्हय का?"

म्हणून आता सगळं आहे
संत्र्याच्या लाकडी पेटीत.
फळ गुदमरू नये म्हणून फळ्यांत फटी असतातच,
हवेसाठी वेगळं काही कापावं लागलं नाही.
बाजूला कुणाच्या तरी बागेचा निळा शिक्का,
अर्धा पुसलेला, खाली "सांभाळून उतरवा".

हात लावायच्या आधी
शहबाजनं मला खिडकीचा गज धरायला लावला.
"अंगातला करंट जाऊ दे."
पहिल्यांदा बटण दाबलं, काहीच नाही.
दुसऱ्यांदाही नाही.
बाबा उगाच बाहेर जाऊन आले.
रॅमची एक पट्टी नीट बसलीच नव्हती.
टक् आवाज येईस्तोवर दाबायची असते,
मी दया करून दाबली होती.

गाड्यांचा खेळ लागला.
सगळं कमीवर ठेवलं:
सावल्या बंद, पाणी सपाट,
रस्त्याकडेच्या झाडांना मोजकी पानं.
कार्डाची लांब खाच रिकामी आहे;
धूळ जाऊ नये म्हणून
तिच्यावर पत्रिकेचा तुकडा चिकटवलाय,
"आपली उपस्थिती प्रार्थनीय".

आठ वाजता थ्री-फेज आली.
गावभरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या,
बल्ब आत ओढला गेला, भिंती मातकट झाल्या.
मी स्टिअरिंगची बटणं सोडून
पेटीकडे बघत राहिले.
तिचा आवाज बदलला नाही.

तेवढ्यात आई आली, थंडीनं कुडकुडत, भांडी घासून.
ओले हात तिनं मागच्या फटींपाशी धरले.
"बरी वाफ लागते वं," म्हणाली,
आणि बसलीच तिथं.

स्क्रीनवर माझी गाडी
केव्हाची खड्ड्यात उलटी,
चाकं फिरत होती.
फिरू दिली.