टिटवीचे कुत्रे

इंदापूरकडे आवर्तन सुटलं
आणि खडकवासल्याचं पाणी रोज वीतभर उतरू लागलं.
टिटवी आधी कलली, मग चिखलात बसली
म्हैस बसते तशी, उठायचा विचारच नसल्यासारखी.
म्हटलं, हीच वेळ. विंचा काढून घेऊ.

बत्तीस वर्षांच्या विंचा. पितळी म्हणायचो आम्ही,
ब्राँझ आहे हे गफूर तांबोळीने नाण्याने ओरखडून सांगितलं.
नाना पेठेत त्याचं सायकलचं दुकान,
हल्ली सायकली कमी, व्हीलचेअरच जास्त.
त्याने झाकण उघडलं, वंगणाचा काळा गूळ बोटाने काढला
आणि हसला:
"हे तर कुत्रे, साहेब. फ्रीव्हीलमध्ये असतात तेच.
फक्त खाऊन-पिऊन माजलेले."
स्प्रिंगा थकल्या होत्या. कुठल्याशा डबीतून त्याने नव्या घातल्या,
रॉकेलने धुतलं, फिरवलं.
टक् टक् टक् टक्.
गणेशखिंडीच्या उतारावर पाय न मारता
कॉलेजला निघाल्याचा आवाज.
दहा मिनिटं. साठ रुपये.
आणि माझ्या घरी पलंगाखाली
नव्या विंचांचा खोका,
न्हावाशेव्यात दीड महिना अडकून आलेला.

वसुधाला हे बोललो नाही.
होडी दोघांची. सुकाणू माझं, दोर तिचे,
सुरुवातीलाच भांडून ठरलेलं.
गेल्या दिवाळीत तिच्या खांद्यात दोन स्क्रू बसले.
तेव्हापासून शीड भरलं की ती हँडल मारते,
अर्ध्यावर थांबते,
"गाठ बघतेय" म्हणते.
गाठ नसते.
मी सिंहगडावरचा टॉवर बघत राहतो.

"विंचा मेल्या दोन्ही," फोनवर सांगितलं.
"गफूरकडे नेल्या होत्यास?"
"नेल्या. म्हणाला, स्पेअर मिळत नाहीत."
जरा वेळ काहीच नाही.
मग, "सोळा-सतराचा पाना मी आणते."

ती डेकवर, मी डेकखाली पोटावर.
नटापर्यंत हात पोचेना, पोचला तर दिसेना,
दिसला तर त्यावर गांधीलमाशीचं घर.
"धरलंस?" "धरलंय."
"सोड." "सोडलंय."
इतक्या वर्षांत आमचं बोलणं साधारण एवढंच,
बाकीचं वाऱ्याशी.
जुनी भोकं चार, नवीला हवी पाच, एक जमेल तर शपथ.
खालचा प्लाय सुरीने लोण्यासारखा निघाला.
टिंबर मार्केटातून सागाचा तुकडा आणला,
कुणाच्या तरी दाराचा, कडीची खूण अजून होती त्यावर.
खूण वर ठेवू, मी म्हणालो. खाली, ती म्हणाली.
खालीच गेली.
अराल्डाइट आणि भुशाने भोकं बुजवण्यात
तीन रविवार.

कुत्र्यांचं काम तसं सरळ.
ओढून आणलेलं मागे जाऊ द्यायचं नाही,
हात दमला तरी दाताने दात धरून ठेवायचा.
असले चार
खांद्यात का नाही घालून पाठवत?

जुलैअखेर पानशेतचं पाणी आलं, टिटवी उठली.
नवी विंच उलटी फिरवली की आणखी हलकी होते.
वसुधाने एका हाताने शीड ताणलं, पार कडेपर्यंत.
गाठ बघितली नाही.
"आवाज कमी आहे हिला," म्हणाली.
"नव्या अशाच असतात."
"गफूर भेटला होता. नातवाची सायकल टाकलीय त्याच्याकडे."

माझी दोन बोटं सुकाणूवर जास्त दाबली गेली.
शीड फडफडलं.
"सरळ धर," ती म्हणाली. "नीट चाललंय सगळं."

माझ्या पिशवीत जुनी एक होती,
का आणली होती कोण जाणे.
पाण्याची बाटली शोधताना तिच्या हाताला लागली.
मांडीवर घेऊन बसली,
डाव्या हाताने फिरवत,
टक् टक्,
धरणाची भिंत येईपर्यंत.