आडनाव पगार

आमच्या कळवणकडे हे आडनाव गल्लोगल्ली आहे,
तिथे कुणाला हसू येत नाही.
नाशिकरोडच्या शाळेत यायचं.
पुढे अंबडच्या कंपनीत कुलथेबाई
दर एप्रिलला तोच विनोद करायच्या,
"पगारांना पगार कशाला?"
आणि सातशे रुपये वाढवायच्या.

सहा वर्षं.
मग कंपनी पुण्याला गेली, मी गेले नाही.
अकरा महिने जेलरोडच्या घरात, मागच्या खोलीत,
दोनशे चौदा अर्ज.
मुलाखत असली की कूलर बंद,
आईने कुकर चढवायचा नाही,
बोराडे मावशींना जिन्यातच थोपवायचं.
रेल्वेला मात्र कोण सांगणार?
एकाने विचारलंही, तुम्ही स्टेशनवरून बोलताय का?
कॅमेऱ्यात येते तेवढीच भिंत मी पांढरी केली होती,
बाकीची पोपटीच.

टालिनची आनेली.
चौथ्या फेरीत म्हणाली, तुझ्या नावाचा अर्थ काय?
हेमांगीचा सांगितला.
आणि दुसऱ्याचा?
तोही सांगितला.
ती हसली, पण कुलथेबाईंसारखी नाही,
आणि हसू ओसरायच्या आत विचारलं,
मग किती?

आकडा तळहातावर लिहिला होता,
घामाने शेवटचं शून्य पुसट झालेलं.
तरी बोलले.
ती कागद चाळत म्हणाली,
आमच्या तक्त्यात इतक्या खाली रकानाच नाही,
आणि दुप्पट सांगितला.

सगळ्यांना वाटतं मी नाचले असेन.
मला आधी राग आला.
कूलर लावला, त्याच्यापुढे बसले,
आणि सहा एप्रिल एकेक करून आठवले,
प्रत्येक वेळी मी "थँक्यू मॅडम" म्हटलेलं.

अण्णा चौतीस वर्षं नोट प्रेसला.
दिवसभर कोऱ्या गड्ड्या हाताखालून जायच्या,
भोंगा झाला की गेटवर झडती:
हात वर, खिसे उलटे, डब्याचं झाकण उघडं.
त्यांनी आकडा विचारलाच नाही.
म्हणाले, हजेरी कुठं लागते?
म्हटलं, लागत नाही.
आणि झडती?
म्हटलं, अण्णा, मी घरातच आहे.
"हो, पण त्यांना काय माहीत
तू कशी आहेस ते?"

पहिला पगार गुरुवारी दुपारी तीनला आला,
मोबाईल टेबलावर थरथरला, बस्स.
अण्णांनी मेसेज वाचला,
चष्मा पुसून परत वाचला,
आणि म्हणाले, काढून आण.
सगळा?
"मोजायचा आहे."

बिटको चौकातलं मशीन दिवसाला पंचवीस हजारांवर देत नाही.
चार दिवस चार खेपा घातल्या,
पाचव्या दिवशी म्हटलं, अण्णा, उरलेला समजून घ्या.
ते चटईवर बसले.
थुंकी नाही, ओला स्पंज नाही,
अंगठा असा चालायचा
की नोटेची झोप मोडू नये.
मधेच एक ट्यूबलाइटपुढे धरली,
"ही देवासची. आमची नाही."
कशावरून, ते सांगितलं नाही.
शेवटी रबर लावलं, म्हणाले, बरोबर आहे,
उद्या भरून टाक परत.

माझी शिफ्ट दुपारी एक ते रात्री दहा.
बोराडे मावशी अजून आईला विचारतात,
पोरगी घरीच असते का हो?
आई म्हणते, हो, घरीच असते.

काल दहाला लॅपटॉप मिटून बाहेर आले
तर अण्णा दारात, ताठ, हात पाठीमागे.
"झडती."
मी खिसे उलटे करायला गेले.
कुर्त्याला खिसेच नव्हते.
"मग हात."
दोन्ही पुढे केले.
त्यांनी उलटेसुलटे करून पाहिले,
बोटांच्या पेरांपाशी जरा थांबले,
शाई शोधत असावेत.
मागून एक मालगाडी गेली, लांबलचक.
ती पूर्ण जाऊ दिली,
आणि म्हणाले, "जा."