डाव्या मागच्या चाकाची बाई

मला विचारू नका यंदाची मिरवणूक कशी झाली.
अकरा नाताळ चालतेय मी तिच्यातून
आणि अजून एकदाही ती पाहिलेली नाही.

माझ्या वाट्याला डावं मागचं चाक,
मॅकीव्हरच्या हार्डवेअर दुकानाच्या ट्रेलरचं.
वर म्हणे कापसाचा बर्फ असतो
(खरा बर्फ घोट्यापर्यंत, तरीही कापसाचा),
दिव्यांची हरणं, एक डुगडुगती चिमणी,
आणि स्वतः मॅकीव्हर, हात हलवून हलवून दमलेला.
मी बघते गुडघे.
रस्त्याच्या कडेनं पोरांच्या गुडघ्यांची रांग.

गुडघे आधी बोलतात.
पळणारं पोर अगोदर किंचित वाकतं,
मग त्याची नजर जमिनीवर कशाला तरी खिळते,
मग आईच्या मुठीत नुसता हातमोजा उरतो.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी.
आरशांचं कौतुक मला सांगू नका.
आरशात कधीच दिसत नाही
चाकापुढं ओणवं झालेलं पाच वर्षांचं मूल.

त्या वर्षी ट्रॅक्टरवर तोइवो होता.
माणसाच्या चालीपेक्षा काटा पुढं जाऊ न देणारा.
वरून कुणी मूठभर टॉफ्या उधळल्या,
एक घरंगळली थेट चाकापुढं
आणि तिच्या मागोमाग वेस्ली.
कुणा परक्या बाईनं टोपडं धरून त्याला मागं खेचलं.
चाकाखाली गेला तो हातमोजा. एकच. निळा.
तोइवोला साधा हिसकासुद्धा जाणवला नाही.
पुढं कित्येक रात्री
तेवढ्यानंच त्याला झोपू दिलं नाही.

मग चर्चच्या तळघरात बैठक, पाणचट कॉफी, ठराव:
खाऊ फेकायचा नाही, हातात द्यायचा.
दोर धरायचा. दर चाकापाशी एक माणूस.
कुणी कुरकुरलं, आमच्या लहानपणी
असली थेरं नव्हती.
नव्हती, खरंय.
आमच्या वर्गाच्या फोटोतली दोन पोरंही
पुढच्या वर्षीच्या फोटोत नव्हती.

यंदा गिरणीच्या वळणावर
पिवळ्या कोटातली एक चिमुरडी सुटली.
मी हात आडवा घातला. जरा जोरातच लागला असेल.
ती बर्फात मटकन बसली आणि भोकाड पसरलं तिनं.
तिची आई, गावात नवी, बहुधा पहिलाच हिवाळा,
माझ्या अंगावर धावून आली:
लहान लेकराला ढकलता? वय काय तुमचं?
मी म्हटलं, चुकलं माझं.
चाक तिला दिसलंच नव्हतं.
बरं झालं, म्हटलं, नाहीच दिसलं.
भांडायला वेळ कुठं होता,
माझं चाक चार पावलं पुढं गेलेलं.

आमच्या मागून शाळेचा बँड.
त्यात वेस्ली, सोळाचा, मिसरूड फुटलेला,
ट्रॉम्बोनची दांडी माझ्या पाठीशी आणून म्हणतो,
लेम्पी आजी, जरा पाय उचला की!
त्याला काहीसुद्धा आठवत नाही.
त्याची आई अजून
हातमोजे घेताना दोन जोड घेते, सारख्याच रंगाचे,
आणि दुकानात कुणी कारण विचारत नाही.

सरोवरावरून वारा सुटला तशी पांगापांग झाली.
घरी तोइवो स्वयंपाकघरात,
रस्त्याकडच्या खिडकीला पाठ करून.
दर वर्षी तिथंच बसतो, दिवा न लावता.
झालं? त्यानं विचारलं.
झालं.
सगळी?
सगळी, म्हटलं. घरी गेली सगळी.
तेव्हा कुठं तो उठला, कॉफी ठेवायला.

मी दाराशी बूट काढले, उलटे करून आपटले.
बर्फ पडला, खडे पडले.
उजव्या तळव्याच्या खाचेत
एक टॉफी, कागदासकट चपटी.
म्हणजे यंदाही कुणीतरी फेकलीच.

ती मी नखानं खरवडून काढली
आणि तो वळायच्या आत
कोटाच्या खिशात टाकली.