सोळा फूट तांबं

तिसरी बॅटरी गेली तेव्हा रुबाब तडवीनं
बॉनेटवर पाण्याचे चार थेंब टाकले.
चुर्र झालं.
"पाहा ताई, ही तं भट्टी आहे.
भट्टीत कोणी दूध ठेवतं का?"

भुसावळ, जामनेर रोड, मे महिना, दुपारचे दोन.
गॅरेजवर पत्रा, पत्र्यावर जुने टायर,
टायरवर बसायला एक कावळा नाही.
माझी एस्टीम बावीस वर्षांची.
तिच्या जिवावर माझा धंदा:
पहाटे पाच ते नऊ यावल, साकळी, किनगाव,
उपाशीपोटी माणसांच्या दंडाला रबर बांधायचं,
नळ्या भरायच्या, नावं चिकटवायची,
लॅब उघडायच्या आत परत.
गाडी किनगावला अडली त्या दिवशी
बेबाबाई कोळींची साखर
माझ्याबरोबर स्टँडवर बसून होती, अकरापर्यंत.

"डिक्कीत टाकू," रुबाब म्हणाला.
आधी काळी तार सोडली, मग लाल.
उलटं केलं की पाना बॉडीला टेकतो
आणि बिनतारखेची दिवाळी.
ट्रेवरची पांढरी बुरशी खायच्या सोड्यानं धुतली,
फसफसली, खाली गंज,
गंजाखाली कारखान्यातला रंग,
कुणीच न पाहिलेला.

केबल वेल्डिंगवाल्याकडून आणली, अंगठ्याएवढी.
मी म्हटलं, इतकी जाड कशाला?
आधीची तर करंगळीएवढी होती.
"तवा दोन हात जायचं होतं.
आता सोळा फूट.
लांबून द्यायचं तं तार जाड लागते,
नाहीतं वाटेतच गरम होऊन सरतं सगळं."
त्याचा मोठा मुलगा सुरतेला आहे, लूमवर.
हे त्यानं त्याच्याबद्दल म्हटलं नव्हतं.
तो केबल कापत होता.

डॅशबोर्डमागच्या पत्र्याला भोक, भोकाला रबरी कडं,
नाहीतर पत्रा तार चावतो.
मग गालिच्याखालून, दाराच्या उंबऱ्याला धरून.
मागची सीट उचलली तर
दोन रुपये, कापसाचा बोळा, पेनाचं टोपण
आणि एक लेबल: सुपडू तायडे, वय ६१, उपाशी.
नळी कधीच गेलेली.
मी ते खिशात ठेवलं, का ते माहीत नाही.

बॅटरीपासून विताच्या आत फ्यूज.
डिक्कीच्या तळाचा रंग खरवडून
लोखंड चांदीसारखं केलं, तिथं काळी तार.
वाफ बाहेर जायला पातळ नळी.
ती मी दिली, माझ्याच पेटीतली, सलाईनची.
रुबाब हसला, मग लावली नाही,
ॲसिडची वेगळी येते म्हणाला.

किल्ली मारली. एका फटक्यात.
बर्फाचा डबा आता माझ्या शेजारच्या सीटवर बसतो,
त्यालाही पट्टा लावते.

रविवारी अण्णा बाटली घेऊन आले.
लोको शेडमध्ये चौतीस वर्षं,
डिस्टिल्ड वॉटरवर त्यांचा हात कुणी धरत नाही.
बॉनेट उघडलं. थांबले.
"कुठी गेली व बॅटरी? चोरीले गेली?"
मी मागे नेलं, दाखवलं.
बोटांनी केबल चाचपली, नट ओढून पाहिला.
"फ्यूज कितीचा?"
सांगितलं. मान हलवली.
सहा टोपणं, सहा घरं, एक थेंब बाहेर नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा बॉनेट.
त्याच्या पुढच्याही.
रिकाम्या ट्रेसमोर बाटली घेऊन उभे,
जसं एखाद्याच्या दारात आपण उभे राहतो
आणि आतून आवाज येत नाही.
पहिल्यांदा मी धावत गेले होते.
आता पायरीवर बसून राहते.
ऊन चढत असतं.
ते ट्रेत एकदा बोट फिरवतात, बॉनेट टाकतात,
मग गाडीला हात लावत लावत निघतात:
पुढचं दार, उंबरा, मागचं दार,
तार गेलीय त्याच वाटेनं.