शंभरावर एक

पप्पांच्या पट्टीवर तीनशे मिलिमीटर लिहिलेलं असतं
आणि ती तीनशे तीन भरते.
लोखंड थंड झालं की आकसतंय,
म्हणून लाकडाचा पॅटर्न आधीच थोडा मोठा.
शंभरावर एक.
उद्यमनगरात ह्याला कुणी खोटं माप म्हणत नाही.

डिझाईनच्या प्रवेश परीक्षेला मी हीच पट्टी घेऊन गेलो.
(गेलो. आमच्याकडं पोरी असंच बोलतात.
वर्गातल्या पुण्याच्या मुली दोन महिने हसल्या,
मग त्याही आलो-गेलो म्हणायला लागल्या.)

चिकणमाती, तार, दोन तास.
विषय : वाट पाहणं.
शेजारच्या पोरीनं स्टँडवरचा बाक केला,
पलीकडच्यानं घड्याळ.
मला आठवली फौंड्रीतली माणसं,
रस ओतल्यावर पेटी फोडेपर्यंत
विडी न पेटवता नुसती धरून बसलेली.
मी पेटी केली. दोन भाग, मध्ये काहीच नाही.
सरांनी उघडून आत बघितलं
आणि होती तशी नीट बंद केली.

वेटिंग लिस्टवर अकरावी.
आई रोज दुपारी माझ्या फोनवर यादी उघडायची.
अकराचे नऊ झाले, नवाचे सात,
मग तीन आठवडे सात म्हणजे सातच.
मामा म्हणाला, डिप्लोमा कर, शिरोलीत चिकटवतो कुठंतरी.
पप्पा काही म्हणाले नाहीत.
फीसाठी त्यांनी बँडसॉ विकला.
म्हणजे विकला नाही, विकणार होते.
गिऱ्हाईक येऊन चालवून बघून गेलं,
त्या रात्री पप्पांनी जेवताना मीठ दोनदा मागितलं.
हप्ता शेवटी शालन आत्याच्या भिशीतनं गेला.

पहिल्या वर्षी एका विषयात नापास झालो.
लाकडी डबा करायचा, त्याला खण.
खण आत जाईना.
डबा साध्या पट्टीनं मोजलेला, खण पप्पांच्या.
चिपळकट्टी मॅडमनी कॅलिपर लावला,
खणाची चारी मापं वहीत लिहिली,
म्हणाल्या, चूक असती तर इकडंतिकडं असती.
हे सगळं सारखंच जास्त आहे.
ही सवय आहे. कुणाची?

मी उत्तर दिलं नाही.
केएमटीत खण मांडीवर घेऊन बसलो,
कंडक्टरनं विचारलं, काय हाय त्यात?
काहीच नाही, म्हटलं. खरंच होतं.

पप्पा हसतील वाटलेलं.
त्यांनी पट्टी पुसली, तेलाचं बोट फिरवलं.
ओतायचं असंल तर ही घे. नसंल तर साधी.
काय करायलीस ते आधी ठरीव की.

ठरवायला दोन वर्षं गेली.
तिसऱ्या वर्षी पावसाळाभर शिरोलीच्या एका फौंड्रीत
कोपऱ्यात स्टूल टाकून बसलो.
इलाही मामू लॅडलच्या दांड्याला
रोज सकाळी गोणपाटाचा तुकडा गुंडाळायचे,
संध्याकाळी सोडून खुंटीला लावायचे.
का, विचारलं तर म्हणाले, हात भाजतोय, दुसरं काय.
तीस वर्षं. कुणी विचारलं नव्हतं.

मुठी केल्या. पहिली निसटली, चौथी तापली,
नववी मामूंच्या हाताला मोठी झाली, माझ्या हाताला बरोबर.
मग मामूंचा पंजा कागदावर ठेवून
कडेनं पेन्सिल फिरवली.
दोन बोटं पुरती उघडत नव्हती.
हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं.

ज्यूरीत टाळ्या झाल्या. मॅडमनी कॅलिपर काढलाच नाही.
पण मला सांगायचंय ते त्याच्या आदल्या सोमवारचं.
मामूंनी एकविसावी मूठ लावलेला दांडा धरला,
रस ओतला, दुसरा ओतला, तिसरा.
बरं-वाईट काही बोलले नाहीत.
गोणपाटाचा तुकडा खुंटीलाच होता.

ती मूठ घरी नेली.
पप्पांनी चष्मा लावला, कडेवरनं अंगठा फिरवला,
उलटी केली, परत फिरवला.
ड्राफ्ट कमी दिलायस, म्हणाले.
वाळूतनं काढताना कड मोडंल.

मी वहीत लिहून घेतलं.