थंड इंजिनावर मोजा

पुस्तकात लिहिलंय, थंड इंजिनावर मोजा.
नेरच्या मे महिन्यात थंड म्हणजे पहाटेचे चार,
तेही शेडची दोन्ही दारं रात्रभर सताड ठेवली तर.

म्हणून चारला आलो, मी आणि उईके मिस्त्री.
भूपेश मंडपवाला आमच्याही आधीचा,
स्वतःच्याच झेनमधून काढलेल्या सीटवर घोरत,
छातीवर कोइमतूरहून आलेलं कार्ड:
इनलेट, एकशे आठ अंश.
झेनच्या पोटात एस्टीमचं इंजिन बसून झालंय,
कॅम नव्यानं घासून आलाय,
रविवारी आटलेल्या तलावात गाड्या पळणार आहेत.
राहिलंय एवढंच,
की व्हॉल्वनं नेमकं कधी उघडायचं.

क्रँकच्या नाकावर माझी चकती,
आयटीआयच्या ड्रॉइंगच्या तासाला आखलेली.
तीनशे एकसष्ट रेघा पडल्या होत्या,
एक शोधून खोडायला आठवडा गेला.
काटा म्हणून कुंपणाची तार.
प्लगच्या भोकात बोल्ट घातला,
पिस्टन वर आला, टेकला: एकतीस.
उलटा फिरवला, टेकला: सदतीस.
तार तीन घरं सरकवली. आता दोन्हीकडे चौतीस,
आणि मधोमध शून्य.
"उलटं फिरवनं झालं तेवढं झालं," मिस्त्री म्हणाले.
"आता फक्त पुढं."

मग डायल गेज. टर्नरच्या सरांकडून आणलेला,
पायमोज्यात गुंडाळून, अंड्यासारखा.
व्हॉल्व दबत जातो, काटा चढत जातो,
आणि माथ्यावर गेला की थांबतो,
दहा-बारा अंश नुसता थांबून राहतो.
शिखर कुठं, ते शिखरावर उभं राहून कळत नाही.
म्हणून चढाला एक मिलिमीटर राहिला असताना एक खूण,
उतारावर तेवढंच खाली आल्यावर दुसरी,
बेरीज करायची, निम्मी करायची.

पाना ओढताना मी पुढं गेले. मागं घ्यायला लागले.
"अवं पोरी! मागं आनला का बेल्ट ढिला पडते,
आकडा खोटं बोलते.
गेला पुढं तं जाऊ दे. अख्खी फेरी मार."

फेरी म्हणजे दोन फेऱ्या.
क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा.
मी तीनदा चुकले.

त्र्याहत्तर. एकशे एकोणपन्नास. निम्मे एकशे अकरा.
पुलीचे तीन बोल्ट सैल केले,
केसभर, खरंच केसभर, पुढं.
सत्तर. एकशे सेहेचाळीस.
मी बोटांवर बेरीज केली, मग भिंतीवर खडूनं.
एकशे आठ.

"एकशे सहा कर," मिस्त्री म्हणाले.
"तलावात वळनं लय. गाडीनं खालूनच उचल घ्याले पाह्यजे."
ते बरोबर होतं. पंचवीस वर्षं त्यांचे कान बरोबर आहेत.
पण काल हेड बसवण्याआधी
पिस्टनच्या डोक्यावर मी कणकेची गोळी ठेवली होती,
घरून डब्याच्या झाकणात आणलेली, तेल लावून.
दोन फेऱ्या मारून हेड उचललं
तेव्हा व्हॉल्वचा ठसा तिच्यात खोल गेला होता.
ब्लेडनं कापली, मोजली.
व्हॉल्व आणि पिस्टनमध्ये दीड मिलिमीटर. कसाबसा.
एकशे सहाला त्यातलंही थोडं जाईल.

मी म्हटलं, "नाही."
पहिल्यांदाच म्हटलं.
त्यांनी कणकेचा तुकडा कंदिलाजवळ नेला,
कंदील म्हणजे मोबाईल,
चष्मा कपाळावर सरकवला, बराच वेळ पाहिलं.
"लाव मग बोल्ट," एवढंच.

उजाडलं तेव्हा पत्रा तडतडायला लागला होता.
भूपेश उठला, चूळ भरली, किल्ली फिरवली.
एकदा नाही. दुसऱ्यांदा नाही.
तिसऱ्यांदा ते अडखळत धरलं,
धड-धड, मग एक जागा मोकळी, मग धड,
दाणे निवडताना बोलणाऱ्या बाईसारखं.
भूपेश घाबरला. "बिघडली का जी?"
मिस्त्री हसले. "हा कॅम असाच बोलते. वर ने, मंग पाह्य."

रविवारी तो चौथा आला, सातातून.

कणकेची ती गोळी खिडकीत आहे अजून,
अर्ध्या चंद्राच्या ठशासकट, दगडासारखी.
मुंग्या येतात, हुंगतात, वळून जातात.