सीटचं नाक

सहा नंबरची अ‍ॅलन की एप्रिलमध्ये
हातात धरवत नाही. रुमालात गुंडाळून
सीटच्या मधल्या भोकात घालतो,
अर्धा आटा सैल.
आत दाते आहेत, बारीक, करवतीसारखे.
एक दाता वर घेतला की नाक उचलतं,
एक खाली घेतला की सीट
मास्तर आल्यासारखी गप्प, सपाट.

मैनोद्दीनचाचांनी विकताना सपाटच दिली होती.
पाणसळ लावून. खरंच, गवंड्याची पाणसळ.
बुडबुडा मधोमध आला तसे हसले,
"चाळीस वर्षं सीटा बसवतोय, एक माणूस घसरला नाही."
मी म्हणालो, चाचा, हिच्यावर बसायचं नाहीये.
त्यांनी माझ्याकडं असं बघितलं,
जसं कुणी म्हणावं,
चादर आहे, पण पांघरायची नाही.

मग काय करायचंय?
धरायचीय. गुडघ्यांनी.
हवेत हँडल सोडून गरकन फिरवायचं, पूर्ण एक फेरा,
तेवढा वेळ सायकल माझी असते
फक्त दोन गुडघ्यांपुरती.
अर्धा सेकंद. कमीच असेल.
त्या अर्ध्या सेकंदाचा कोन
तीन आठवडे शोधतोय मी
बंद गिरणीच्या मागच्या चबुतऱ्यावर.

इरेश म्हणाला, पार वर घे, आभाळ बघू दे तिला.
घेतली. पायऱ्या उतरताना नाक
जिथं लागलं ते सांगण्यासारखं नाही,
दोन दिवस लुंगीवर काढले.
सपाट केली, तर गुडघ्यांतून सटकली
ओल्या साबणासारखी
आणि हँडल बरगडीत.

येणारे-जाणारे थांबतात.
"सीट वाकडी झालीय बे तुझी."
वाकडी नाही, वर केलीय.
"मग बसलालास कसं?"
बसतच नाही.
"मग काढून टाक की."
याला उत्तर नाही. काढूनही बघितली एकदा.
नुसता पाइप उरला
अन् गुडघे पोरके.

काल रात्री लाइट गेली.
अम्मा दारात बसली होती, मांडीवर सूप,
सुपात पानं, तंबाखू, दोऱ्याची रिळं.
हजाराला दोनशे कमी.
बोटं आपली चाललेली, ती गल्लीकडं बघत होती.
मी सुपाकडं.
सूप सपाट नव्हतं.
पलीकडची कड गुडघ्यावर टेकून जरा वर,
सगळा माल तिच्याकडं ओढलेला,
एक पान घसरत नव्हतं.

अम्मा, सूप तिरकं का धरतेस?
"तिरकं कुठाय?"
मग तिनं खाली बघितलं,
वीस वर्षांत पहिल्यांदा बघावं तसं.
तेलुगूत काहीतरी पुटपुटली. मराठीत सांगायचं तर,
गुडघ्यांना विचार, मला काय विचारतोस.

मोबाइलच्या उजेडात सुपाच्या कडेला
बिलाचा पुठ्ठा लावून मी कोन उतरवून घेतला.
"तंबाखू सांडला तर तूच वळ," ती ओरडली.

सकाळी पुठ्ठा सीटला लावला.
अम्माचा कोन
दोन दात्यांच्या मधे पडत होता.
मधला दाता कंपनीनं दिलेला नाही.
बराच वेळ तसाच बसून राहिलो,
की हातात तापत गेली.
शेवटी वरचा घेतला. का, माहीत नाही.
खालचाही चालला असता, बहुतेक.

पहिल्याच उडीत गुडघे मिटले
आणि सीट थांबली तिथं.
हँडल फिरून आलं. डावा हात हुकला,
उजव्याला सापडलं.
इरेश ओरडला, मी पडलो,
पण ते नंतर.

संध्याकाळी चाचांनी दुकानासमोर अडवलं.
काही न बोलता पाणसळ आणली, सीटवर ठेवली.
बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला.
"पडशील," म्हणाले.
पडतो की. रोज.
ते बुडबुड्याकडं बघत राहिले जरा वेळ,
मग आपल्याच पायजम्यानं
सीटवरची धूळ पुसली,
कोन न हलवता.